रतन हिऱ्याची हकीकत

ता. ७ मार्च १९७१, रविवार

मी, गहिनीनाथ सहादेव पटारे, वय वर्षे एकाहत्तर, धंदा शेती, राहणार पटारे वस्ती, मौजे घोडेगाव, तालुका नेवासा, जिल्हा अहमदनगर, शिक्षण मराठी चौथी उत्तीर्ण, गावच्या तंट्याबखेड्यांत व सरकारी पंचनाम्यांत वेळोवेळी पंच म्हणून बसलेला इसम, सत्यास स्मरून लिहितो की, ही दैनंदिनी मी आजपासून स्वहस्ते ठेवीत आहे. वही चिरंजीव गोरक्ष याने आणली. तो साखर कारखान्यात उसाच्या नोंदणीवर आहे व तेथे अशा वह्या वाटतात. जानेवारी व फेब्रुवारीची पाने कोरी सोडावी लागली याचा खेद आहे. परंतु त्या महिन्यांत नोंद करण्याजोगे काही घडले नव्हते.

आता घडणार आहे. गोरक्षचे लग्न ठरत आले आहे. मुलगी नगरजवळच्या सावेडीची, नाव मुक्ता, शाळेत शिक्षिका. वडील राधाकृष्ण औटी, टपाल खात्यातून निवृत्त. माणूस सरळ आहे. येत्या रविवारी मी स्वतः रतन घेऊन तेथे जाणार आहे.

रतन म्हणजे आमच्या घराण्याचा हिरा. रंग कच्च्या डाळिंबाच्या दाण्यासारखा फिकट गुलाबी. अंगठीत बसविलेला आहे. नगरच्या एका जाणत्या सराफाने भिंग लावून पाहिला व तोंडातील पान बाजूस ठेवून म्हणाला की, पांढरे हिरे पुष्कळ पाहिले, हा रंग प्रथमच पाहिला. दसऱ्यास तो पाहण्यासाठी राहुरी-शेवगावपर्यंतची माणसे आमच्या ओसरीवर येतात व मी त्यांना त्याचा इतिहास कथन करतो. तो येथे लिहून ठेवतो.

माझे पणजोबा कानिफनाथ पटारे यांनी प्रवरासंगमावर गंगेच्या, म्हणजे गोदेच्या, महापुरात उडी घालून निजामाच्या मोगलाईतील एका सरदारास घोड्यासह बाहेर काढले. सरदाराने बोटातील हिरा काढून दिला व विचारले, "आपल्या कुटुंबाचे नाव काय?" पणजोबा म्हणाले, "रतनबाई." सरदार म्हणाला, "मग या हिऱ्याचेही नाव तेच." तेव्हापासून आमच्या घरात येणाऱ्या थोरल्या सुनेचे नाव लग्नात बदलून रतनबाई ठेवतात. नवरा मुलगा याच अंगठीने ताटातल्या तांदळांत ते नाव लिहितो. माझी आजी रतनबाई, माझी आई रतनबाई, माझे कुटुंब रतनबाई.

दसऱ्याच्या दिवशी अंगठी प्रथम गोठ्यातील म्हशीच्या कपाळाला लावतात व मगच ओसरीवर आणतात. पशुधनाविषयी पूर्वजांची ही कृतज्ञता होय. मी इतिहास सांगत असता रतनबाई दाराआड बसून पदर तोंडाशी धरते व तिचे खांदे हलतात. घराण्याच्या अभिमानाने तिला भरून येते.

ता. १४ मार्च, रविवार

सावेडीहून संध्याकाळच्या एस. टी.ने परत आलो. मन स्थिर नाही, तरी जसे घडले तसे लिहितो.

पोहे झाले. चहा झाला. मी अंगठी बाहेर काढून इतिहास सांगितला. राधाकृष्णरावांनी दोन वेळा "वा!" म्हटले. मुलीने अंगठी तळहातावर घेतली, खिडकीशी नेली, उजेडात फिरवून पाहिली व परत आणून माझ्यापुढे ठेवली.

म्हणाली, "मामा, हिरा फार सुंदर आहे. पण मी नाव बदलणार नाही."

मी म्हणालो, "नाव बदलायचे म्हणजे काही गमवायचे नसते. हिऱ्याचे नाव मिळते."

"आणि हिऱ्याला कुणाचं मिळालं?"

"माझ्या पणजीचे."

"म्हणजे हिऱ्यानं बाईचं नाव घेतलं. मग आता बायांनी हिऱ्याचं कशाला घ्यायचं? माझं नाव माझ्या आजीनं ठेवलंय. मला ते आवडतं."

तिची आई आतून "मुक्ते!" म्हणून ओरडली. राधाकृष्णरावांना खोकल्याची उबळ आली. मुलगी मात्र हसत होती, उद्धटपणे नव्हे. मग तिने विचारले, "मामा, आईंचं आधीचं नाव काय होतं?"

मी चहा गार झाल्याचे निदर्शनास आणले.

निघताना मी निक्षून सांगितले की, नाव नाही तर अंगठी नाही, व अंगठी नाही तर लग्न नाही. पंचाने शब्द उच्चारला की तो परत घेता येत नाही. गोरक्ष माझ्याबरोबर एस. टी.त बसला, पण दुसऱ्या बाकावर.

ता. १५ मार्च

घरात बोलणे बंद आहे. गोरक्षने सकाळी सायकलचे चाक काढले व पुन्हा बसविले. ते बिघडलेले नव्हते. जेवताना म्हणाला, "आण्णा, लग्न करीन तर मुक्ताशी. न्हाई तर तुमचा हिरा तुमच्याच बोटात घालून बसा."

रतनबाई भाकरी थापता थापता म्हणाली, "नेवाशाच्या मातीत ऱ्हायचं, आन् मुक्ताबाईचं नाव पुसाय निघायचं. माउली काय म्हनंल?"

"त्या मुक्ताबाई वेगळ्या."

"नाव तर तेच हाय न्हवं? तुमाला पुसायलाबी दुसरं नाव गावंना."

मी अर्धी भाकरी ठेवून उठलो. ती तिने म्हशीला घातली. या म्हशीचे नाव तिने 'सरदारीण' असे ठेविले आहे. कारण ठाऊक नाही.

ता. १९ मार्च, शुक्रवार

त्या मुलीचा प्रश्न डोक्यातून जात नाही. आमचे लग्न झाले तेव्हा मी एकवीस वर्षांचा होतो व रतनबाई चौदा. बोलणी वडिलांनी केली. घरात सर्वजण 'कुकाण्याची मुलगी' असे म्हणत. मग तांदळांत मी वडिलांनी सांगितले ते नाव लिहिले. त्यापूर्वीचे कोणी मला सांगितले नाही व मी विचारले नाही. त्या काळी तशी पद्धत नव्हती.

आज ती धार काढीत असता गोठ्याच्या दारात उभा राहून विचारले, "तुझे माहेरचे नाव काय होते?"

तिने चरवी खाली ठेवली. सरदारिणीनेही मान वळविली.

"पन्नास वर्सं झाली, आन् आज इचारता व्हय?"

"आज काम पडले आहे."

"मंग सांगनार न्हाई. शोधा. पंच हाय न्हवं तुमी?"

ता. २० मार्च

तपास आरंभिला. कुकाण्याचे मेहुणे हयात नाहीत. त्यांच्या पत्नी मालनबाई नेवाशाच्या दवाखान्यात आल्याचे समजले, म्हणून तेथे गेलो व सभ्यपणे विचारले. त्या इतक्या हसल्या की शेजारच्या रोग्याने उठून पाहिले. म्हणाल्या, "भावजी, कालच तिचा निरोप आलाय. नाव सांगितलं तर माज्याशी बोलनार न्हाई म्हनली. मला ननंद एकच हाय."

साक्षीदार फोडण्यात आलेला आहे.

ता. २७ मार्च, शनिवार. गुढीपाडवा

गुढी उभारली. दुपारी रतनबाईने डोळ्यांना कमी दिसते असे सांगून नगरच्या डॉक्टरास दाखविण्याची परवानगी मागितली. सकाळीच तिने सुईत दोरा पहिल्या खेपेस ओवलेला मी पाहिला होता. परंतु वयाचा भरवसा नसतो. गोरक्ष तिला घेऊन गेला. दोघे तिन्हीसांजेस परत आले, चेहरे प्रसन्न. चष्मा मिळाला नाही. डॉक्टरांनी आणखी काही वेळा बोलाविले आहे. सणाच्या दिवशी दवाखाना उघडा ठेवणारा डॉक्टर म्हणजे कर्तव्यदक्ष मनुष्य. त्याने पेढेही दिले म्हणे.

ता. १ एप्रिल

उपाय सापडला. मुलगी शिकलेली आहे. तोंडी इतिहासावर तिचा विश्वास बसत नसावा. तेव्हा हिऱ्याचा इतिहास रीतसर लिहून त्यावर साक्षीदारांचे अंगठे व सह्या घ्याव्यात, म्हणजे तिला नाकारण्यास जागा राहणार नाही. पहिला साक्षीदार गनीभाई दलाल. घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात त्याच्या घराण्याची दलाली पिढ्यानपिढ्या चालत आली आहे, व हिरा मिळाला त्या दिवशी त्याचा पणजोबा माझ्या पणजोबांबरोबर होता ही गोष्ट दोन्ही घरांत सर्वमान्य आहे. गनीभाई माझा बालमित्र. मी दसऱ्यास इतिहास सांगतो तेव्हा तो शेजारी बसून प्रत्येक वाक्यास "व्हय, व्हय" म्हणतो.

रतनबाई आज परातीतल्या पिठात बोटाने रेघोट्या ओढीत बसली होती. मी आल्यावर पुसून टाकल्या. दृष्टी खरोखरच अधू झाली असावी.

ता. २ एप्रिल, शुक्रवार. बाजारचा दिवस

हे लिहावे की लिहू नये याचा पुष्कळ विचार केला. लिहितो.

बाजार भरात होता. गनीभाई एका मुऱ्हा म्हशीचा सौदा उरकून लिंबाखाली बसला होता, खांद्यावर नेहमीचा चौकड्यांचा रुमाल. मी कागद काढून त्यास सर्व वाचून दाखविला व शाईची डबी पुढे केली.

तो डबीकडे पाहत राहिला. "आन्ना, जत्रंत म्हना, चावडीवर म्हना, तुमी म्हनाल तितक्यांदा 'व्हय' म्हनलो. दोस्तीचा शब्द हाय. पन अंगठा?"

"अंगठ्यास काय झाले?"

"ह्या हातावर बाजार चालतो. त्यो खोट्या कागदावर उठवला, तर उद्या रुमालाखाली माजं बोट कोन धरील?"

मी विचारले, खोटे काय आहे यात? गनीभाईने कागद बाजूस सारला. खांद्यावरचा रुमाल काढला, माझा उजवा हात धरला व दोघांच्या हातांवर रुमाल टाकला.

आमच्या बाजारात जनावराचा भाव तोंडाने बोलत नाहीत. दलाल व गिऱ्हाईक रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून ठरवितात. भोवतालच्यांना काही कळत नाही. रुमाल पडल्यावर मधूनच हात काढून घेणे हा समोरच्याचा अपमान समजतात. त्यामुळे मला हात काढता येईना. गनीभाईने माझी बोटे दाबली नाहीत. त्याने माझी मूठ उघडली, तळहातावर काहीतरी लहान, टणक ठेविले व मूठ पुन्हा मिटली.

"आसा आला तुमचा हिरा," तो म्हणाला. "पुरातनं न्हाई. हितनं. ह्याच बाजारातनं."

चार लोक जमा झाले. एकाने विचारले, "आन्ना कंची म्हस घ्यायलेत?"

"तुझी न्हाई घ्यायलेत. हो म्होरं," गनीभाई म्हणाला व हळू आवाजात मला सांगू लागला.

"तुमचा पंजा आन् पंजी रेडकू इकाया आल्ते. संगं त्याची आई, म्हस. ती इकायची न्हवती. तवर मोगलाईतला एक मानूस आला. कापडं रेशमी, पन धुळीनं भरल्याली. कडंला तान्हं पोर. त्याची आई वाटंत गेल्ती. पोर रडून रडून निळं पडल्यालं. त्येला दुभती म्हस पायजे हुती, परक्याच्या हाताला पाझरनारी. म्हसरं लई हुती बाजारात. पन दुसऱ्याचा हात लागला की आचळ चोरनारी. कुनाच्याबी हाताला दूध देनारी एकच, तुमच्या घरची. तुमचा पंजा न्हाईच म्हनला. पंजीनं त्या लेकराकडं बघितलं. दावं सोडलं आन् त्या मानसाच्या हातात दिलं. त्याच्यापाशी हाली रुपये, मोगलाईतले. हिकडं त्ये चालनात. म्हनून त्यानं माज्या पंज्याचा रुमाल मागून घेतला आन् त्याखाली तुमच्या पंज्याच्या मुठीत खडा ठिवला. घरी जाऊस्तवर तुमचा पंजा त्येला काचच समजत हुता."

मी विचारले, "आणि महापूर?"

"त्या साली पाऊसच न्हवता, आन्ना."

"घोडा?"

"पूर तुमच्या वडलांनी आनला. घोडा तुमी घातला."

घोड्याबाबत मी येथे काही नोंदवू इच्छीत नाही.

मी विचारले, "मग रतन हे नाव?"

गनीभाई जमिनीकडे पाहू लागला. माझा हात त्याने अजून सोडला नव्हता. म्हणाला, "आन्ना, रागावू नका. त्ये म्हशीचं नाव हुतं."

मी रुमालाखालून हात काढला. तळहातावर शेंगदाणा होता.

ता. ३ एप्रिल

आज नोंद करण्याजोगे काही नाही. चहा बिनदुधाचा घेतला.

ता. ४ एप्रिल, रविवार

माझी आजी, माझ्या वंदनीय मातोश्री व माझे कुटुंब, या तिघींची नावे एका म्हशीवरून ठेवण्यात आली आहेत. कालपासून मी हे वाक्य निरनिराळ्या प्रकारे मांडून पाहिले. कोणत्याही प्रकारे ते बरे दिसत नाही.

हे ओझे एकट्याने वाहणे उचित नव्हे, व तिच्यापासून लपविणे त्याहूनही अनुचित, असे ठरवून सकाळी रतनबाईस समोर बसविले. म्हणालो, मन घट्ट कर. मग सर्व सांगितले.

ती हसू लागली. आधी पदराआड, मग उघड, मग भिंतीला टेकून. डोळ्यांतून पाणी आले. गोरक्ष धावत आला. त्यास वाटले काही अशुभ घडले.

"तुला माहीत होते?"

"मला? आवं, लग्नाच्या दुसऱ्या दिशी तुमच्या आईनी चुलीम्होरं बसवून सांगितलं. त्यांना त्यांच्या सासूनं. घरातल्या समद्या रतनांना ठावं हुतं."

दसऱ्याच्या दिवशी दाराआड हलणारे खांदे मला आठवले.

"मग मला का सांगितले नाहीस?"

ती पदराने डोळे पुसून म्हणाली, "तुमी लई झोकात सांगायचा. घोडा पान्यातनं वर यायचा तवा तर मला दर वर्सी वाटायचं, आता बुडतोय का काय. मला आवडायचं त्ये. कशापायी मोडू?"

मग तिने उरलेली हकीकत सांगितली. पणजीचे नाव रतन नव्हतेच, बायडाबाई होते. घरी परतल्यावर तिने कित्येक दिवस रिकाम्या दाव्यापाशी बसून काढले. खड्याला ती रतन म्हणू लागली. घरात पहिली सून आली तेव्हा ती दारातच म्हणाली, "माजी रतन आली गं." ती मायेची हाक होती. नाव बदलण्याचा तिचा हेतू नव्हता.

"मग बदलण्याची रीत कोणी काढली?"

"बापय मानसांनी. त्येंनी हाक आयकली, आन् कायदा केला."

सायंकाळी गोठ्यात गेलो. सरदारीण रवंथ करीत होती. तिच्या नावाचे कारण आता ध्यानात आले. पन्नास वर्षांच्या संसारात माझी इतकी थट्टा झाली आहे, व मला एकदाही लागली नाही, ही गोष्ट पंच म्हणून मी नमूद करतो.

चहात दूध घेतले.

ता. ११ एप्रिल, रविवार

सावेडीस एकटाच गेलो. खोट्या इतिहासावर मी एका घरास अट घातली होती. तो तेथेच, त्याच खोलीत दुरुस्त करणे माझे कर्तव्य होते. भीती एवढीच की, म्हशीचे नाव ऐकून औटी मंडळी अंगठीही नाकारतील व लग्नही. पोराचे तोंड मग मी कसे पाहणार? एस. टी.त तीन वेळा वाटले की पांढरीपुलावर उतरून माघारी फिरावे.

उभे राहून सर्व सांगितले. बाजार, तान्हे मूल, रुमाल, म्हैस. काही गाळले नाही. घोडाही मागे घेतला.

राधाकृष्णराव खोकले नाहीत. त्यांनी चष्मा काढून हातात धरला. आतून मुलीची आई दारात येऊन उभी राहिली.

मुलीने विचारले, "ते बाळ जगलं का?"

"कोणास ठाऊक नाही. तो मनुष्य पुन्हा या बाजारात आला नाही."

"जगलं असणार," ती म्हणाली. "रतन होती ना."

मग तिने हात पुढे केला व म्हणाली, "मामा, अंगठी द्या बघू. आता ही मी घालीन. सरदाराची असती तर मला जड झाली असती."

"आणि नाव?"

"मुक्ताच."

मी खुलासा केला की, मी अट मागे घेतलेली नाही. पंच शब्द मागे घेत नसतो. परंतु अट चुकीच्या माहितीवर आधारलेली असल्यामुळे ती मुळातच रद्द ठरते. राधाकृष्णराव म्हणाले की, टपाल खात्यातही असाच नियम आहे.

निघताना तिने पुन्हा विचारले, "आणि आईंचं नाव? सापडलं?"

"तपास चालू आहे."

मायलेकी एकमेकींकडे पाहून हसल्या. कोपऱ्यात एक पाटी टेकवून ठेविली होती. तीवर 'ब' हे एकच अक्षर वेडेवाकडे पुष्कळदा गिरविलेले होते. मी मुलीस विचारले की, शाळेतील मुलांना ती घरीही शिकविते काय. म्हणाली, "एकच विद्यार्थिनी आहे. पण फार जिद्दीची." विद्यार्थिनी मंदगती दिसते, तरी शिक्षिकेची चिकाटी वाखाणण्याजोगी आहे.

ता. २५ एप्रिल

रतनबाई पुन्हा डोळ्यांच्या डॉक्टराकडे. चष्मा अद्याप नाही. मी डॉक्टराचे नाव विचारले तर गोरक्षला ठसका लागला.

ता. ९ मे, रविवार

लग्न सावेडीस दुपारी यथासांग पार पडले. वऱ्हाड दोन टेम्पोंतून दिवस मावळण्यापूर्वी वस्तीवर आले, सोबत राधाकृष्णरावही. सुनेने उंबऱ्यावरचे माप ओलांडले. लक्ष्मीपूजन झाले. मग तांदळाचे ताट आणले व ओसरी, अंगण माणसांनी भरून गेले. या ताटात काय लिहिले जाणार हे पाहण्यासाठी लग्नास न आलेली माणसेही आली होती. हिऱ्याची खरी हकीकत मी तत्पूर्वी सर्वांना उभे राहून सांगितली होती. पुराची सवय असलेल्या काही जणांची निराशा झाली. गनीभाई शेजारी बसून प्रत्येक वाक्यास "व्हय, व्हय" म्हणत होता. या वेळी जरा मोठ्याने.

गोरक्षने अंगठी हातात घेऊन माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "जे आहे ते लिही."

त्याने 'मुक्ता' असे लिहिले. बायकांनी वाचून घेतले, पेढे फिरले. मला वाटले, विधी संपला.

तोच सुनेने तांदूळ हाताने सारखे केले, ताट उचलले व रतनबाईपुढे ठेवले. "आई, आता तुम्ही."

रतनबाईने अंगठी चिमटीत धरली. पहिले अक्षर काढण्यास तिला बराच वेळ लागला. दुसऱ्याचा उकार तिने सुनेकडे न पाहता काढला. मालनबाईंनी तोंडाला पदर लावला.

मी विचारले, "हे काय?"

"वाचा की," ती म्हणाली. "चौथी शिकलाय न्हवं?"

मी वाकून मोठ्याने वाचले. "बनु."

तिने झटकन मान वर करून पाहिले. कोणी दुरून हाक मारल्यावर आपण पाहतो, तसे. मी पुन्हा म्हणालो, "बनु." ती "ओ" म्हणाली.

डोळ्यांचा डॉक्टर, पिठातील रेघोट्या व सावेडीची पाटी यांचा परस्परसंबंध मला तेव्हा उलगडला. त्या विद्यार्थिनीविषयी मी या वहीत केलेला शेरा या नोंदीने रद्द करीत आहे.

मग बायकांनी गलका केला की आन्नांनी नाव घेतलेच पाहिजे. मी सांगितले की उखाणा घेणे हे नवरदेवाचे काम आहे. गनीभाई म्हणाला, "तुमी आजच नाव आयकलं, मंग तुमीबी आजचेच नवरदेव." अंगणात इतका हशा झाला की बैल उठून उभे राहिले. मी टोपी सरळ केली व म्हणालो:

"रतन नाव म्हशीचे, रतन नाव खड्याचे;
बनुचे नाव घेतो आज, राहिले होते कधीचे."

बनुने पदर तोंडाशी धरला. खांदे हलत होते. या वेळी मी नीट पाहिले. त्यात थोडे हसू होते व थोडे दुसरेही काही होते.

असे ठरले की, हिऱ्याचे नाव रतन हेच कायम राहील, कारण ते जिचे होते तिने ते कमाविलेले आहे. दसऱ्यास अंगठी पूर्वीप्रमाणेच प्रथम म्हशीच्या कपाळाला लागेल. माणसे आपापल्या नावाने राहतील.

वरील मजकूर मी शुद्धीवर राहून, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहिला असून खालील मंडळींना वाचून दाखविला. गनीभाई दलाल, यांनी अंगठा आपणहून उठविला व दोनदा उठविला. राधाकृष्ण औटी, सही. मालनबाई, राहणार कुकाणे, निशाणी अंगठा. चिरंजीव गोरक्ष, सही. सौ. मुक्ता, सही. सौ. बनुबाई, सही स्वतःच्या हाताची; जागा कमी पडल्याने पान उलटावे लागले.

गोठ्यात सरदारीण हजर होती. तिचेही नाव बदललेले नाही.